जाळ्यासमोर जागा एकच

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, निळं टर्फ आठवतं, फार तर ‘चक दे इंडिया’ आठवतो. ही गोष्ट त्या हॉकीची नाही. ही बर्फावरची हॉकी. कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की हीच समजतात. पायात स्केट्स, हातात स्टिक आणि चेंडूऐवजी पक, म्हणजे कडक रबराची साधारण १७० ग्रॅम वजनाची चकती. एखाद्या तगड्या खेळाडूचा फटका बसला की ती ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने सहज जाते. आणि तिच्या वाटेत मुद्दाम उभा राहणारा एक माणूस असतो, गोलकीपर.

एका वेळी बर्फावर प्रत्येक संघाचे सहा जण असतात. त्यातले पाच सतत बदलत राहतात. पाऊण मिनिट, एक मिनिट जीव तोडून पळायचं, दमलं की बाकावर यायचं, दुसऱ्यांनी उतरायचं. त्यामुळे संघातला सगळ्यात कमी दर्जाचा फॉरवर्डसुद्धा सामन्यात सात-आठ मिनिटं तरी खेळतो. तेवढ्यात एखादा गोल मारला, एखादी जोरदार टक्कर दिली, तर कोचच्या नजरेत भरतो. पुढच्या सामन्यात त्याची दहा मिनिटं होतात. प्रगतीचा जिना असा पायरी-पायरीचा असतो.

गोलकीपरला हा जिनाच नाही. सामन्याची साठच्या साठ मिनिटं एकच जण जाळ्यासमोर उभा राहतो. दुसरा वीसेक किलोचा सगळा जामानिमा अंगावर चढवून बाकाच्या टोकाला बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्या खेळाडूंसाठी बाकाचं फाटक उघडतो, बंद करतो. क्रिकेटमधला बारावा गडी निदान पाणी घेऊन मैदानात जातो, क्षेत्ररक्षणाला उतरतो, नशीब असेल तर एखादा झेलही घेतो. राखीव गोलकीपरच्या वाट्याला तेवढंही येत नाही. त्याची पाळी येते ती पहिला दमल्यावर, पहिला कोसळल्यावर किंवा पहिल्याला दुखापत झाल्यावर.

म्हणजे आपलं करिअर पुढे सरकायचं तर रोज ज्याच्या शेजारी कपडे बदलतो, ज्याच्यासोबत सराव करतो, त्या माणसाचं काहीतरी वाईट व्हावं लागतं. तसं मनात आणायचं नाही, आणलं तरी बोलायचं नाही. या एका जागेभोवतीचा इतिहास बघितला की राखीव गोलकीपरांचा वैताग हा स्वभावाचा किंवा लायकीचा प्रश्न कमी आणि गणिताचा प्रश्न जास्त होता हे दिसतं. खुर्च्या किती आणि त्या कोणी मोजून ठेवल्या, याचं ते गणित होतं.

गंमत म्हणजे बाकावरचा हा दुसरा माणूस पूर्वी नव्हताच.

७ एप्रिल १९२८. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएलच्या स्टॅनले कपची अंतिम मालिका चालू होती. न्यूयॉर्क रेंजर्स विरुद्ध माँट्रियल मरून्स, दुसरा सामना, ठिकाण माँट्रियल. रेंजर्सचा गोलकीपर लॉर्न शाबो याच्या डोळ्यावर पक बसला आणि त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. रेंजर्सकडे दुसरा गोलकीपर नव्हता. कोणाकडेच नसायचा. प्रेक्षकांत ओटावा संघाचा नामांकित गोलकीपर अ‍ॅलेक कॉनेल बसला होता. त्याला खेळवू का, असं रेंजर्सनी विचारलं. मरून्सनी परवानगी नाकारली. शेवटी रेंजर्सचा कोच आणि मॅनेजर लेस्टर पॅट्रिक स्वतः पॅड बांधून उतरला. वय ४४, केस पांढरे, आणि उभं आयुष्य खेळला तो प्रामुख्याने बचावपटू म्हणून. त्याने एकच गोल होऊ दिला आणि रेंजर्स जादा वेळेत २-१ असे जिंकले. पुढे त्यांनी स्टॅनले कपही जिंकला.

हॉकीच्या इतिहासातली ही लाडकी दंतकथा आहे आणि ती खरी आहे. पण तिची दुसरी बाजू क्वचितच कोणी सांगतं. जगातल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगची अंतिम मालिका चालली होती, आणि एका जादा गोलकीपरचा पगार, रेल्वेचं तिकीट आणि हॉटेलची खोली वाचवावी म्हणून मालकांनी हा धोका पत्करला होता. नंतरही जवळजवळ चार दशकं ते तो पत्करत राहिले.

मधल्या काळात एक जुगाड होता. यजमान संघाने स्टेडियमात एखादा हौशी किंवा निवृत्त गोलकीपर हजर ठेवायचा. दोन्ही संघांपैकी ज्याला गरज पडेल त्याने तो वापरायचा. बऱ्याचदा हे काम संघाच्याच एखाद्या कर्मचाऱ्याकडे असे. डेट्रॉइट रेड विंग्जचा लेफ्टी विल्सन हा त्यातला नमुनेदार माणूस. त्याची नोकरी ट्रेनरची, म्हणजे खेळाडूंना मालिश करणं, पट्ट्या बांधणं, स्केट्स आणि सामान सांभाळणं. सरावात गोलकीपर कमी पडला की तो पॅड बांधून उभाही राहायचा. एनएचएलमध्ये तो तीनदा उतरला. १९५३ मध्ये डेट्रॉइटकडून, १९५६ मध्ये टोरांटोकडून आणि १९५७ मध्ये बॉस्टनकडून. शेवटचे दोन सामने डेट्रॉइटविरुद्धच होते. म्हणजे ज्यांच्या पायांना सकाळी पट्ट्या बांधल्या, त्यांचेच फटके संध्याकाळी अडवायचे. तिन्ही मिळून तो ८१ मिनिटं खेळला आणि एकच गोल खाल्ला! आकडेवारीच्या पुस्तकात त्याची सरासरी भल्याभल्यांना लाजवेल अशी आहे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पट्ट्या बांधायला हजर.

इथे १ नोव्हेंबर १९५९ ची रात्र आठवायला हवी. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी बाथगेटचा फटका माँट्रियलच्या जाक प्लाँतच्या चेहऱ्यावर बसला. नाकापासून ओठापर्यंत फाटलं. टाके घातले, आणि प्लाँत म्हणाला, आता मास्क घातल्याशिवाय मी जाणार नाही. तोपर्यंत मास्क घालणं म्हणजे भित्रेपणा असं मानायचे. सरावात तो घालायचा, पण सामन्यात कोच टो ब्लेकचा सक्त विरोध होता. त्या रात्री ब्लेकला मान तुकवावी लागली, कारण त्याच्याकडे दुसरा गोलकीपर नव्हता. माँट्रियल ३-१ असं जिंकलं आणि प्लाँतने मास्क काढला नाही. आज जगातला एकही गोलकीपर उघड्या तोंडाने उभा राहत नाही, त्याची सुरुवात इथे झाली. मला वाटतं, त्या रात्री बाकावर दुसरा कोणी तयार बसलेला असता तर ब्लेकने प्लाँतला घरी पाठवलं असतं आणि मास्क आणखी काही वर्षं कपाटातच राहिला असता.

तो ‘दुसरा कोणी’ अस्तित्वात होता बरं का. त्याचं नाव चार्ली हॉज. त्याच्याकडे येऊच, पण त्याआधी जॉनी बाउर.

त्या काळी एनएचएलमध्ये संघ फक्त सहा होते. माँट्रियल, टोरांटो, डेट्रॉइट, शिकागो, बॉस्टन, न्यूयॉर्क. प्रत्येकाचा एकच गोलकीपर. म्हणजे जगभरात या नोकरीच्या जागा सहा. कॅनडाच्या प्रत्येक गावात गोठलेल्या तळ्यावर पोरं हॉकी खेळत होती, त्यातले हजारो गोलकीपर होते आणि वर खुर्च्या सहा! शिवाय त्या रिकाम्या होत नसत. ग्लेन हॉल नावाचा गोलकीपर, आधी डेट्रॉइटला आणि मग शिकागोला, १९५५ पासून नोव्हेंबर १९६२ पर्यंत सलग ५०२ सामने खेळला, तेही मास्कशिवाय. एकही चुकवला नाही. सामन्याआधी त्याला भीतीने ओकारी व्हायची हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो जागा सोडायचा नाही. सुटली तर परत मिळेलच याची खात्री कोणाला होती? त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्यांची ती सात वर्षं कशी गेली असतील, याचा हिशेब कोणत्याही विक्रमाच्या यादीत नसतो.

बाउरचा जन्म १९२४ चा, सॅस्केचवान प्रांतातल्या प्रिन्स अल्बर्टचा. गरीब घर, आठ बहिणी. लहानपणी जुन्या गादीचे तुकडे कापून पॅड बनवायचा असं सांगतात. वय लपवून सैन्यात गेला, इंग्लंडपर्यंत पोहोचला, हातांच्या सांध्यांचं दुखणं घेऊन परतला. १९४५ मध्ये तो क्लीव्हलँड बॅरन्सकडून खेळू लागला. हा संघ अमेरिकन हॉकी लीगमधला, म्हणजे एनएचएलच्या खालच्या पायरीवरचा. इथे त्याने आठ हंगाम काढले. तीन वेळा संघाने लीगचं विजेतेपद मिळवलं. वरून बोलावणं आलं नाही.

ते आलं १९५३ मध्ये, न्यूयॉर्क रेंजर्सकडून. आणि का आलं हे बघण्यासारखं आहे. रेंजर्सकडे लॉर्न वर्स्ली नावाचा गुटगुटीत, तिरकस बोलणारा गोलकीपर होता. सगळे त्याला ‘गंप’ म्हणत. आदल्याच हंगामात तो लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला होता. त्याने वर्षाला ५०० डॉलर पगारवाढ मागितली आणि मॅनेजमेंटने त्याला व्हँकुव्हरच्या मायनर लीग संघात धाडून दिलं, असा किस्सा कायम सांगितला जातो. त्या हंगामात वर्स्ली व्हँकुव्हरला होता एवढं नक्की. त्याच्या जागी बाउर.

बाउर सगळेच्या सगळे ७० सामने खेळला. दर सामन्याला सरासरी २.६० गोल, पाच सामन्यांत एकही गोल दिला नाही. रेंजर्स सहा संघांत पाचवे होते, म्हणजे समोरचा बचाव कसा असेल याची कल्पना करा. एकोणतिसाव्या वर्षी का होईना, माणूस ‘सेट’ झाला असं कोणीही म्हणालं असतं.

पुढच्या हंगामात वर्स्लीला परत आणलं आणि बाउरला पाठवलं. कुठे? व्हँकुव्हरला. त्याच संघात, त्याच जाळ्यासमोर, वर्स्ली जिथून उठला तिथेच.

बाउरने काही बिघडवलं होतं का? नाही. संघाला एकच गोलकीपर लागत होता, दोघे हाताशी होते, त्यातला वर्स्ली पाच वर्षांनी लहान होता. बस. बाउरला दुसऱ्या संघात जाता आलं असतं का? तेही नाही. त्या काळच्या करारात असं कलम होतं की करार संपला तरी खेळाडूवर हक्क संघाचाच. वापरायचा नाही आणि सोडायचाही नाही, ही मुभा मालकांना होती. १९५७ मध्ये डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना उभी करायचा प्रयत्न केला. त्याला लगेच शिकागोला विकण्यात आलं आणि वर्षभरात संघटना मोडली. लिंडसे हा त्या काळातल्या सर्वोत्तम फॉरवर्डपैकी एक. त्याची ही गत, तर मायनर लीगमधल्या राखीव गोलकीपरचं कोण ऐकणार?

पुढची चार वर्षं बाउर व्हँकुव्हर, प्रॉव्हिडन्स आणि पुन्हा क्लीव्हलँड असा फिरत राहिला. एनएचएलमध्ये या चार वर्षांत त्याला फक्त सात सामने मिळाले. आणि अमेरिकन लीगमध्ये? १९५६, १९५७ आणि १९५८, सलग तीन वर्षं तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सर्वोत्तम गोलकीपर नव्हे, सर्वोत्तम खेळाडू. आणखी काय सिद्ध करायचं असतं माणसाने? थांबलेलं करिअर म्हटलं की आपण धरून चालतो, कुठेतरी काहीतरी कमी असणार. बाउरच्या बाबतीत कमी होती ती वरच्या मजल्यावर एक खुर्ची.

१९५८ च्या उन्हाळ्यात टोरांटो मेपल लीफ्सनी त्याला उचललं. आधीच्या हंगामात लीफ्स शेवटचे आले होते. बाउर ३३ वर्षांचा होता, आणि तो लगेच हुरळून गेला नाही. क्लीव्हलँडला त्याचं बस्तान होतं, लोक ओळखत होते, पगार वेळेवर मिळत होता. एकदा वर जाऊन खाली आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा वर जायची भीती वाटते. मला हा सगळ्या कथेतला सगळ्यात समजण्याजोगा क्षण वाटतो. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात आलं, तेव्हा त्याला ते नकोसं झालं होतं. अखेर तो गेला.

पुढचं कॅनडात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. १९६२, १९६३, १९६४ आणि १९६७, असे चार स्टॅनले कप. ‘चायना वॉल’ हे टोपणनाव. पोक चेक नावाची त्याची खास चाल, समोरचा फटका मारायच्या बेतात असताना अचानक झेपावून स्टिकच्या टोकाने पक उडवून लावायची. ती चाल त्याने रेंजर्सचा जुना गोलकीपर चक रेनरकडून उचलली होती आणि मायनर लीगच्या अर्धवट प्रकाशातल्या रिंकमध्ये घोटून घोटून पक्की केली होती. १९६७ च्या अंतिम मालिकेतला तिसरा सामना दुसऱ्या जादा वेळेपर्यंत गेला. ४२ वर्षांच्या बाउरने त्यात ६० फटके अडवले. लीफ्सनी त्यानंतर आजतागायत स्टॅनले कप जिंकलेला नाही.

गोष्ट इथे संपवली तर छान प्रेरणादायी रील होईल. ‘सब्र का फल’ वगैरे. पण १९५८ मध्ये बाउर टोरांटोला आला तेव्हा ती खुर्ची रिकामी नव्हती. तिच्यावर एड चॅडविक बसला होता.

चॅडविक २५ वर्षांचा होता. १९५६-५७ मध्ये तो लीफ्सचे सगळे ७० सामने खेळला. १९५७-५८ मध्ये पुन्हा सगळे ७०. सलग दोन हंगाम एकही सामना न चुकवलेला गोलकीपर. १९५८-५९ मध्ये त्याच्या वाट्याला ३१ सामने आले, त्याच्या पुढच्या वर्षी चार. नंतर बॉस्टनकडून आणखी चार. त्यापुढची वर्षं अमेरिकन लीगमध्ये, जिथून बाउर वर आला होता तिथेच. तिशीही गाठली नव्हती आणि एनएचएलचं दार कायमचं बंद. बाउरच्या चिकाटीचे गोडवे गाणाऱ्या लेखांत चॅडविकला बहुधा अर्धं वाक्य मिळतं. पण तोही चिवट होता, तोही मायनर लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळत राहिला. फरक एवढाच की त्याच्यासाठी कोणती खुर्ची रिकामी झाली नाही. चिकाटीने फळ मिळतं म्हणणाऱ्यांनी हे दोघे शेजारी-शेजारी ठेवून बघावेत.

आता चार्ली हॉज. उंची जेमतेम पाच फूट सहा इंच, माँट्रियलच्या लाशीन भागातला. त्याचं दुर्दैव असं की माँट्रियलचा गोलकीपर जाक प्लाँत होता, आणि प्लाँत १९५५-५६ पासून सलग पाच वर्षं लीगमधल्या सर्वोत्तम बचावाची वेझिना ट्रॉफी मिळवत होता. हॉजला १९५४-५५ मध्ये १४ सामने मिळाले. मग मधल्या वर्षांत बारा, दोन, एक. १९६०-६१ मध्ये प्लाँतचा गुडघा बिघडला तेव्हा तीस. मग दोन वर्षं पुन्हा शून्य. एखाद्या माणसाच्या पगाराच्या पावत्या असाव्यात तसे हे आकडे वाचवत नाहीत.

जून १९६३ मध्ये माँट्रियलने प्लाँतला न्यूयॉर्कला देऊन टाकलं. वाटेल, आता तरी हॉजची पाळी. पण बदल्यात आला कोण? गंप वर्स्ली! जागा त्याची. हॉज पुन्हा दुसरा. हंगामाच्या सुरुवातीलाच वर्स्लीला दुखापत झाली आणि हॉज उतरला. तो ६२ सामने खेळला, आठ सामन्यांत एकही गोल दिला नाही आणि त्या वर्षीची वेझिना ट्रॉफी घेऊन गेला. तिशीला. वर्स्ली बरा झाल्यावर मायनर लीगमध्ये गेला. दोन वर्षांनी, १९६५ च्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यात माँट्रियलच्या जाळ्यासमोर कोण होता म्हणाल, तर वर्स्ली. फिरत्या खुर्चीचा हा खेळ इतका गोल गोल आहे की लिहिताना मलाच कागदावर बाण काढावे लागले.

पण १९६४-६५ च्या हंगामात टोरांटोमध्ये एक वेगळी गोष्ट घडली. लीफ्सनी डेट्रॉइटकडून टेरी सॉचुकला घेतलं होतं. तोही तिशी ओलांडलेला, अंगावर टाक्यांची नक्षी. तो ३६ सामने खेळला, बाउर ३४. संघाने सगळ्यात कमी गोल खाल्ले, त्यामुळे वेझिना लीफ्सची. नियमाप्रमाणे ती जास्त सामने खेळलेल्या एकालाच मिळायची, म्हणजे सॉचुकला. सॉचुक म्हणाला, बाउरचं नाव नसेल तर मला नको. लीगने मान्य केलं आणि ट्रॉफी पहिल्यांदा दोघांच्या नावावर लागली. सॉचुक मोठा चिडका, एकलकोंडा माणूस होता. सहकाऱ्यांशीही धड बोलायचा नाही. म्हणून ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. खुर्ची अर्धी-अर्धी वाटून घेता येते, हे मॅनेजमेंटच्या आधी दोन म्हाताऱ्या गोलकीपरांनी दाखवलं.

त्याच सुमारास नियमही बदलला. १९६५-६६ च्या हंगामापासून प्रत्येक संघाने दोन गोलकीपर तयार ठेवणं बंधनकारक झालं. सहाच्या बारा जागा झाल्या. १९६७ मध्ये लीगने आणखी सहा संघ घेतले, बाराच्या चोवीस. दोन वर्षांत चौपट. आणि काय आश्चर्य, इतकी वर्षं ‘लायक नसलेले’ गोलकीपर अचानक लायक निघाले. लेस बिंकली हे त्यातलं उत्तम उदाहरण. क्लीव्हलँडला तो ट्रेनर आणि राखीव गोलकीपर अशी दुहेरी नोकरी करत होता, लेफ्टी विल्सनसारखीच. वर डोळ्यांना कॉन्टॅक्ट लेन्स, त्यामुळे वरचे संघ बिचकायचे. १९६७ मध्ये नव्या पिट्सबर्ग पेंग्विन्सनी त्याला घेतलं. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी एनएचएलच्या पहिल्याच हंगामात त्याने सहा सामन्यांत एकही गोल दिला नाही. हॉजलाही नव्या ओकलंड संघाने घेतलं. १९६७ च्या उन्हाळ्यात या दोघांच्या अंगात नवीन काही आलं नव्हतं.

पण या नियमाने राखीव गोलकीपर नावाची पक्की नोकरी जन्माला घातली, आणि तिच्याबरोबर वैतागाचा नवा प्रकारही. पूर्वीचा राखीव निदान मायनर लीगमध्ये रोज खेळायचा. घामाघूम व्हायचा, जिंकायचा, हरायचा. नवा राखीव एनएचएलचा पगार घेतो, विमानाने फिरतो आणि बसून राहतो. सराव संपल्यावर बाकीचे आंघोळीला जातात तेव्हा दुखापतीतून उठलेल्या खेळाडूंचे फटके अडवायला हाच मागे थांबतो. सामना मिळतो तो लागोपाठच्या दोन रात्रींतला दुसरा, जेव्हा आख्खा संघ थकलेला असतो. तीन आठवड्यांनी एकदा उतरायचं, हात बसलेला नसतो, दोन गोल लवकर जातात आणि कोच म्हणतो, बघा, याच्यात सातत्य नाही. सातत्य यायला खेळायला लागतं आणि खेळायला मिळायला सातत्य लागतं. पहिली नोकरी शोधताना अनुभवाचा दाखला मागितला गेलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

या नव्या प्रकाराचा कळस म्हणजे न्यू जर्सी डेव्हिल्सचा मार्टिन ब्रोडर. १९९७-९८ पासून सलग दहा हंगाम तो सत्तर किंवा जास्त सामने खेळला. हंगामात सामने ८२. त्याच्या राखीव गोलकीपरला वर्षाला दहा-बारा सामने, तेही तो दमला तर.

स्कॉट क्लेमेन्सन हा आयोवा राज्यातला मुलगा. हे काही हॉकीचं माहेरघर नव्हे. १९९७ मध्ये डेव्हिल्सनी त्याला निवडलं. नंतरची कित्येक वर्षं मायनर लीग आणि ब्रोडरमागचा बाक यांत गेली. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रोडरच्या डाव्या हाताचा स्नायू फाटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो एवढा काळ बाहेर बसणार होता. क्लेमेन्सन तेव्हा ३१ वर्षांचा होता आणि लोवेल या मायनर लीग संघात होता. राखीवांचाही राखीव म्हणा ना. तो वर आला आणि जिंकतच सुटला. २५ विजय, १३ पराभव, आणखी एक जादा वेळेत गेलेला. डेव्हिल्स गटात अग्रभागी राहिले. चार महिने तो सामन्यामागून सामने उभा राहिला आणि कोणाला ब्रोडरची आठवण येऊ दिली नाही.

फेब्रुवारी २००९ च्या अखेरीस ब्रोडर बरा झाला. क्लेमेन्सनला परत लोवेलला पाठवण्यात आलं. २५ सामने जिंकून दिलेल्या माणसाला, बसने फिरणाऱ्या लीगमध्ये. डेव्हिल्सच्या बाजूने बघितलं तर निर्णय चुकीचाही नव्हता. ब्रोडर हा ब्रोडर होता, परतल्यावर पहिल्याच सामन्यात त्याने एकही गोल दिला नाही. बाउरला पाठवणाऱ्या रेंजर्सकडेही असंच कारण होतं. चॅडविकला बसवणाऱ्या लीफ्सकडेही. या सगळ्या इतिहासात खलनायक शोधायला गेलं तर मालकांचा कंजूषपणा सापडतो, गुलामगिरीच्या जवळ जाणारे करार सापडतात, पण ते सगळं दूर केल्यावरही, २००९ मध्येही, जाळ्यासमोर जागा एकच राहते.

एक फरक मात्र पडला होता. क्लेमेन्सनचा करार उन्हाळ्यात संपला आणि तो मोकळा झाला, जे बाउरला कधी जमलं नसतं. फ्लोरिडाने त्याला तीन वर्षांचा करार दिला. कशासाठी? तोमाश व्होकुनचा राखीव म्हणून.

२०१२ मध्ये प्लेऑफच्या पहिल्या फेरीत फ्लोरिडासमोर न्यू जर्सी आलं. तिसऱ्या सामन्यात फ्लोरिडाचा मुख्य गोलकीपर झोझे थिओडोर याला लवकरच तीन गोल बसले आणि कोचने त्याला काढून क्लेमेन्सनला उतरवलं. मग फ्लोरिडाने मुसंडी मारली. पलीकडच्या टोकाला ब्रोडरला तीन गोल बसले, आणि डेव्हिल्सच्या कोचने चक्क ब्रोडरला बाहेर काढून त्याचा राखीव योहान हेडबर्ग याला पाठवलं. दोन्ही मुख्य गोलकीपर बाकावर आणि दोन्ही राखीव जाळ्यासमोर. फ्लोरिडा ४-३ असं जिंकलं. मालिका पुढे डेव्हिल्सनी जिंकली.

यानंतर आठ वर्षांनी, २२ फेब्रुवारी २०२० ला, डेव्हिड एअर्स नावाचा ४२ वर्षांचा, रिंकच्या देखभालीचं काम करणारा हौशी गोलकीपर कॅरोलायनाचे दोन्ही गोलकीपर जखमी झाल्यामुळे टोरांटोविरुद्ध उतरला आणि सामना जिंकला. आईची किडनी घेऊन जगणारा माणूस. रातोरात जगप्रसिद्ध. व्हायला हवाच होता. पण एका रात्रीच्या पाहुण्या गोलकीपरवर लोकांचं जेवढं प्रेम बसतं, त्याच्या एक दशांशही बाकावर वर्षानुवर्षं बसणाऱ्यावर बसत नाही, हेही खरं. पहिल्याचं कौतुक होतं, तिसरा दंतकथा बनतो, दुसऱ्याचं नाव बोर्डावर छोट्या अक्षरात असतं.

चॅडविक खेळणं थांबवल्यावर स्काउट झाला, नवी पोरं हेरायचं काम करू लागला. क्लेमेन्सन शेवटच्या हंगामात पुन्हा न्यू जर्सीला आला, तीन सामने खेळला आणि निवृत्त झाला. सगळे मिळून एनएचएलमधले त्याचे सामने दोनशेही भरत नाहीत. त्यानंतर डेव्हिल्सनेच त्याला नोकरी दिली, मायनर लीगमध्ये वाट बघत असलेल्या त्यांच्या तरुण गोलकीपरांना शिकवण्याची.